मदत शेतकऱ्याला, पण कोणत्या?

१/ महामंदीत रूझवेल्ट सरकारने अमेरिकेच्या शेतकऱ्याला तारले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु या वाक्यातील ‘शेतकरी’ कोण? त्याचे उत्तर आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटीत, म्हणजे तिकडच्या एका कापूसपट्ट्यातील जिल्ह्यात, सापडते.

२/ कापसाचे भाव कोसळले, तेव्हा १९३३ साली आणीबाणीचा उपाय म्हणून शेती समायोजन कायदा आला. पेरा घटवणाऱ्यास सरकार रोख रक्कम देऊ लागले. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकण्यात आला.

३/ ती जमीन कसणारे बहुसंख्य लोक मालक नव्हतेच. निम्म्या पिकावर राबणाऱ्या वाटेकऱ्यांत गोरेही होते, कृष्णवर्णीयही. १९३४ च्या करारात पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे पौंडामागे साडेतीन सेंट, ते मालकाचे. वर भावफरकाचा एक सेंट. त्यातला अर्धा वाटेकऱ्याचा.

४/ पेरा घटताच माणसेही ‘जादा’ ठरली. कुळांची संख्या शक्यतो कायम राखावी, असे कलम होते. ‘शक्यतो’ या शब्दाच्या आडोशाने घरे रिकामी करवली गेली. जुलै १९३४ मध्ये टायरोंझा गावाजवळ ११ गोरे व ७ कृष्णवर्णीय एकत्र बसले आणि दक्षिणेतील कूळ शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली.

५/ बचाव असा केला जातो की, एवढ्या वाटेकऱ्यांपर्यंत पोहोचणे सरकारला अशक्य होते. हा बचाव टिकत नाही. जे सरकार शेतोशेतीचा पेरा मोजत होते, त्याला शेतावरची माणसे मोजता आली नसती काय? शिवाय त्याच खात्याच्या विधी विभागाने, आहेत ती कुळे काढता येणार नाहीत, असा कलमाचा अर्थ लावला होता. फेब्रुवारी १९३५ मध्ये खात्याचे प्रशासक चेस्टर डेव्हिस यांनी जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाच काढून टाकले. कृषिमंत्री वॉलेस डेव्हिस यांच्या पाठीशी राहिले.

६/ जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द ठरवली. महिनाअखेरीपर्यंतही नव्हे, तर फेब्रुवारी सरता सरता नवा कायदा आला: आता पैसे मृदसंधारणाचे. जमिनीचा कस खाणारा कापूस कमी करा, कस राखणारी द्विदल पिके व गवत वाढवा. हेतू रास्तच होता; धुळीच्या वादळांनी मातीची दैना साऱ्या देशाला दाखवली होती. पण पैशाची वाट जुनीच, मालकाच्या दारातून जाणारी.

७/ पुढे नियमांत कुळाचा वाटा वाढला, तर मालकांनी कुळाचा रोजंदार मजूर केला. मजुराला वाटा द्यावा लागत नाही. जानेवारी १९३९ मध्ये मिसूरीच्या आग्नेय टोकाला हजारांहून अधिक माणसे बायकामुलांसह महामार्गाकडेला थंडीत उघड्यावर बसली. प्रशासनाने आरोग्याला धोका असल्याचे कारण देऊन त्यांना तेथूनही हलवले.

८/ महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटू नये. कूळ लागेल या भीतीने येथे वाटेकऱ्याशी लेखी करार होत नाही. गारपिटीत पीक त्याचे झोपते. भरपाई मात्र सातबाऱ्यावरील नावाच्या खात्यात जमा होते. जमिनीच्या कागदाला मदत देणे म्हणजे शेतकऱ्याला मदत देणे नव्हे. हा फरक न करणारी प्रत्येक योजना, तिचा हेतू कितीही उदात्त असो, कसणाऱ्याच्या मुळावर येते.