गाठ सुटू नये म्हणून

उधवा गावातून समुद्र दिसत नाही. दिसतात ते डोंगर आणि भाताची खाचरं. तरी इथली पोरं दर्यावर जातात. लावणी उरकली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून चढतात.

असाच एक पोरगा मला डहाणूच्या खाडीत भेटला. गवताचा भारा बांधतात तशी गाठ त्याने नायलॉनच्या ओल्या दोराला मारली होती. बोट चालवणाऱ्या तांडेलाने दोर ओढला आणि गाठ सरकन सुटली. तांडेल रागावला नाही. त्याने दोनदा गाठ मारून दाखवली आणि म्हणाला, "वाऱ्यात हीच सुटली, तर तू गेलास." जवळच लाइफ जॅकेटं होती, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच.

लहान बोटीला वाऱ्याचं गणित चुकवता येत नाही. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून जाणता माणूस वारा वाढायच्या आधीच शीड कमी करतो, जड सामान तळाशी ठेवतो, लाट नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर घेतो. लाटेला आडवी गेलेली बोट कलंडते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि पश्चिमेचा वारा त्याला अडवत असतो. तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी भरतीची वाट पाहण्यात भित्रेपणा नाही, तीच खरी दर्यावर्दी अक्कल आहे.

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या सुमारे १७ मीटरच्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांची तयारी २००६ पासून चालली होती. नौदलातल्या मुरलेल्या अधिकाऱ्याला तीन वर्षं लागली. उधव्याच्या पोराला आपण तीन दिवस तरी देतो का?

आणि धोक्याला वादळच लागतं असं नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. ती जखम हा तालुका विसरलेला नाही.

पावसाळ्यात, १ जूनपासून, मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ही पोरं लावणीसाठी घरीच असतात. तेव्हा शिक्षणच त्यांच्याकडे यायला हवं, आणि तेही वारली बोलीत: पाण्यात तरंगून राहणं, जॅकेट अंगावर घट्ट बांधणं, बंदरावरचा इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा ओळखणं, दोराच्या चार गाठी. शिकवायला किनाऱ्यावरचे म्हातारे तांडेल आहेत. खर्चाची जबाबदारी मत्स्यव्यवसाय विभागाने आणि बोटमालकांनी घ्यावी. जॅकेटाशिवाय एकही खलाशी बंदर सोडणार नाही, हे बघणंही त्यांचंच काम.

खाडीतल्या त्या पोराने पुन्हा गाठ मारली. तांडेलाने सगळा भार टाकून दोर ओढला. या वेळी गाठ टिकली. शिकायला त्याला पाच मिनिटंही लागली नव्हती. शिकवणारा भेटला, एवढंच.