वडीलधाऱ्यांच्या ताटातला चोथा

वय साठीपलीकडे गेले की घरातील वडीलधाऱ्यांचे ताट ‘हलके’ करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. दात गेले म्हणून भाकरी बंद होते, वात धरतो म्हणून उसळी वर्ज्य होतात, सर्दीच्या भीतीने पेरू आणि केळी दूर ठेवली जातात. उरतो तो मऊ भात, साधे वरण आणि चार वाजता चहात बुडवलेले बिस्कीट. हे सारे मायेपोटी घडते. परंतु ज्येष्ठांना हैराण करणाऱ्या मलावरोधाचे मूळ पुष्कळदा या मायेतच असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुडघेदुखी, साखर, रक्तदाब यांविषयी ज्येष्ठ मंडळी मोकळेपणाने बोलतात. पोट साफ होत नाही, हे मात्र मुलाला वा सुनेला सांगताना त्यांना संकोच वाटतो. मग कोणाला न सांगता चूर्णाची डबी घरी येते. अशा अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चालना देऊन काम करवून घेते. अडीअडचणीला तिचा उपयोग आहेच. पण ताटातून काढून टाकलेला चोथा ती परत आणून देत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते या बाबतीत बोलके आहेत. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतुमय अंश ३ ग्रॅमही भरत नाही. मैद्याचीही तीच गत. ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम, तर बाजरी, नाचणी व गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅमच्या आसपास असतो. प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे घ्यावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ सालची शिफारस आहे. मऊ भात आणि बिस्किटांवर ही जमा कशी व्हावी?

दात नाहीत ही अडचण खरी. पण ती शिजवण्याने सुटणारी आहे, त्यासाठी धान्यच सोडण्याचे कारण नाही. ताकात कुस्करलेली भाकरी, ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील, सालीच्या मुगाची खिचडी, घोटलेली पातळ पालेभाजी, वाफवलेला लाल भोपळा, पिकलेली पपई, रात्री भिजत घातलेले सुके अंजीर वा मनुका, यांतील कशालाच दात लागत नाहीत. बदलीच्या निमित्ताने पाटण्याला किंवा कोलकात्याला राहून आलेल्या सहकाऱ्यांना तेथील सातू आणि बेलाचे सरबत आठवत असेल. निवृत्तीनंतर त्यांनी ती सवय मोडू नये. मात्र बदल सावकाश करावा. आठवड्याला एखादा पदार्थ वाढवावा, नाहीतर पोट फुगते आणि ‘पाहा, सोसत नाही’ म्हणून पुन्हा मऊ भातच पुढे येतो.

तंतू वाढवले आणि पाणी वाढवले नाही, तर त्रास कमी न होता वाढतो. इसबगोलाची गोष्ट तीच. गुजरात-राजस्थानात पिकणारे हे बी आणि त्याचा भुसा गुणकारी आहे, तो पाणी धरून ठेवतो म्हणून. तेव्हा तो पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा. ज्यांना गिळताना अडकल्यासारखे होते त्यांनी तो टाळावा.

पण ज्येष्ठ पाणी कमी का पितात, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. रात्री उठावे लागेल, अंधारात पडू, ही एक भीती. त्यावर दिवसभराचे बहुतेक पाणी संध्याकाळपूर्वी पिणे हा साधा उपाय आहे. दुसरी भीती घराबाहेरची. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यास निघालेले अनेक निवृत्तिवेतनधारक सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत, कारण वाटेत किंवा शाखेत स्वच्छतागृह मिळेल याची त्यांना खात्री नसते. शाखेत पाण्याची सोय असते. पण ते पिऊन पुढे काय, हा त्यांचा प्रश्न असतो. गर्दीच्या त्या दिवसांत कर्मचाऱ्यांचे स्वच्छतागृह ज्येष्ठांना वापरू द्यावे आणि त्यांनी विचारण्याआधीच तसे सांगावे. याला कोणत्या परिपत्रकाची वाट पाहावी, असे मला वाटत नाही.

रोज पोट साफ झालेच पाहिजे असेही नाही. त्रास न होता आठवड्यातून तीनदा झाले तरी ते प्रकृतीला धरून असू शकते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाची आणि वेदनाशामक काही औषधे यांनीही मलावरोध होतो. ती आपणहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाणी आणि फळे यांचे प्रमाण त्यांच्याच सल्ल्याने ठरवावे. शौचातून रक्त जाणे, कारणाविना वजन घटणे किंवा वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलणे, यांपैकी काही आढळले तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.