शॅले आणि पडवी

परवा भाचा घरी आला होता. आंबोलीला त्याने मागेच पाच गुंठे जागा घेऊन ठेवली आहे. तिथे दोन 'स्विस शॅले' बांधून पर्यटकांना भाड्याने द्यायचा त्याचा बेत आहे. त्याने मोबाईलवर चित्र दाखवले. जमिनीला टेकलेले त्रिकोणी छप्पर, समोर खालपासून वरपर्यंत काच, आत पांढरा सोफा. "मामा, कसं वाटतं?"

जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. तो उत्तर देतो!

२०११ साली लेक झुरिकला नोकरीला होती, तेव्हा आम्ही दोघे ग्रिंडेलवाल्डला आठवडाभर भाड्याच्या जुन्या शॅलेत राहिलो होतो. बर्फ घसरून पडावे म्हणून तिकडची छपरे उभट असतात, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. पाहतो तो तिथल्या जुन्या घरांची छपरे चांगली पसरट! बर्फ मुद्दाम छपरावर राहू देतात. त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे घराला आपोआप घोंगडी मिळते. छप्पर भिंतींच्या बरेच पुढे आलेले, म्हणजे लाकूड भिजत नाही. पाया दगडी. आत बुटके छत, ओळीने लहान लहान खिडक्या आणि ऊब धरणारी शेगडी. शॅले म्हणजे मुळात डोंगरावरच्या गुराख्यांचे उन्हाळी खोपटे. पुढे ब्रिएन्झजवळ बालेनबर्गचे खुले संग्रहालयही पाहिले. देशभरातली शंभराहून जास्त जुनी घरे तिथे आणून पुन्हा उभी केली आहेत. दर खोऱ्याचे घर वेगळे. 'स्विस घर' असे एक काही नाहीच!

आता गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. नातवंडांच्या हट्टाने सह्याद्रीतल्या एका 'शॅले'त दोन दिवस राहिलो. नाव सांगत नाही. दाराला वळचण नाही, त्यामुळे दार उघडले की पाऊस थेट पलंगापर्यंत. ओली छत्री ठेवायला जागा नाही, भिंतीत एक खुंटी नाही. सौ.ची साडी दोन दिवस वाळली नाही. फळ्या फुगलेल्या, गादीला कुबट वास. तिरक्या भिंतीवर माझे डोके तीनदा आपटले. झोपायची जागा शिडी चढून वर आणि संडास खाली. आमच्या वयाला रात्री ती शिडी म्हणजे गिर्यारोहणच. समोरच्या काचेतून दिसत काय होते? धुके.

माझे म्हणणे इतकेच, की शॅलेचे रूप उचलू नका, त्यामागचा विचार उचला. त्या लोकांनी बर्फाला विचारून घर बांधले. आंबोलीत वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे त्या पावसाला विचारायला हवे. त्याचे उत्तर आपल्या आजोबांनी कधीच लिहून ठेवले आहे : जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, उंच जोते आणि घराच्या पुढे रुंद पडवी. पडवीत बसून पागोळ्या बघणे हे पावसाळी पर्यटन नाही तर काय आहे?

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तुमचं पटतं. पण लोक फोटो बघून बुकिंग करतात. काचेचा फोटो चालतो, पडवीचा नाही. कर्ज मला फेडायचंय."

हे मात्र खरे आहे. सल्ला देणाऱ्याला हप्ता भरावा लागत नाही. मी थोडा वेळ गप्प बसलो. माणसे पहिल्यांदा फोटो बघून येतात, पण दुसऱ्यांदा कोरडी झोप लागली तरच येतात, हे त्याला सांगितले. काच हवी तर लाव, पण पावसाच्या तोंडाला नको, पूर्वेला, पडवीच्या आत लाव.

त्याला माझ्याकडून दोन लाख उसने हवे होते. ते देणार आहे. अट एकच : ते पैसे पडवीवर खर्च व्हायला हवेत. तो अजून 'हो' म्हणालेला नाही. नातेवाइकांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याला जरा समजवा!