सायकल चालवायची की मिरवायची?

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या कार्यालयात एक पत्रक आलं. आठ मार्चच्या निमित्ताने शहरात 'फक्त महिलांसाठी' सायकल फेरी निघणार होती. पत्रक अर्थातच गुलाबी. त्यावरची बाई गोरी, सडपातळ, मोकळ्या केसांची. सायकलच्या टोपलीत फुलं. बाईचे दोन्ही पाय जमिनीवर होते आणि ती आपल्याकडे बघून हसत होती. खाली मजकूर : 'फिट राहा, सुंदर दिसा', 'घर सांभाळून एक सकाळ स्वतःसाठी'. अंतर पाच किलोमीटर, 'खास महिलांना झेपेल असा सोपा मार्ग'. शुल्क चारशे रुपये, त्यात गुलाबी टी-शर्ट, पदक आणि नाश्ता. बक्षिसं तीन : उत्कृष्ट वेशभूषा, उत्कृष्ट सजवलेली सायकल आणि सर्वात गोड हास्य. शिवाय सोडतीत पैठणी.

सायकल चालवण्यासाठी एकही बक्षीस नव्हतं.

पत्रकासोबत संयोजकांचं पत्र होतं. तळागाळातल्या महिलांचाही सहभाग असावा, म्हणून आमच्या संघटनेने वस्तीतल्या पन्नास बायका आणाव्यात, त्यांचं शुल्क माफ असेल आणि त्या पारंपरिक वेशात आल्या तर फोटो चांगले येतील, असं त्यात लिहिलं होतं.

याच मंडळींनी डिसेंबरात एक 'खुली' सायकल स्पर्धा घेतली होती. तिचंही पत्रक मी शोधून काढलं. काळ्या पार्श्वभूमीवर घामाने थबथबलेला, घाट चढणारा पुरुष. अंतरं पंचवीस, पन्नास आणि शंभर किलोमीटर. वेळ मोजायची व्यवस्था. रोख बक्षिसं. 'स्वतःच्या मर्यादा ओलांडा' असं आवाहन. स्पर्धा नावाने खुली, पण महिलांसाठी वेगळा गट नाही, बक्षीसही नाही. शहर तेच, रस्ते तेच, सायकल तीच. पुरुषाला मर्यादा ओलांडायला सांगायचं आणि बाईला मर्यादेत राहून हसायला सांगायचं, असा हा हिशोब आहे.

हे पत्रक मी वस्तीतल्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "ताई, सकाळी साडेसहाला? तेव्हा तर माझं पहिलं घर असतं." दुसरीने विचारलं, "सायकल कुणाची? मुलाची घेतली तर तो कॉलेजला कसा जाईल?" तिसरी काही बोलली नाही. ती तीन कामांच्या मध्ये रोज सहा-सात किलोमीटर चालते. तिला सायकल येत नाही. लहानपणी भावाच्या सायकलवर हाफ पायडल मारायला लागली तेव्हा आईने उतरवलं होतं, 'लागलं म्हणजे उद्या कोण करील?' म्हणून. बैठक संपल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "शिकवणार असाल तर सांगा. फोटोला येत नाही मी."

त्या एका वाक्यात या लेखाचं सगळं म्हणणं आहे. सायकल हे वाहन आहे. ते माणसाला इथून तिथे नेतं. भाडं वाचवतं, वेळ वाचवतं आणि कुणाच्या मागे बसून जाण्याची गरज संपवतं. बाईच्या बाबतीत नेमकं हेच धोक्याचं मानलं गेलं, कारण जी स्वतः जाऊ शकते ती कुठे गेली, कधी आली, याचा ताबा दुसऱ्याकडे राहत नाही. म्हणून वाहनाचा दागिना करायचा. दागिना घातलेल्या बाईला कुणी विचारत नाही की ती कुठे निघाली आहे. सगळे एवढंच सांगतात, की ती कशी दिसते.

ही गोष्ट एका पत्रकाची नाही. आपल्या बाजारात 'लेडीज सायकल' नावाचा प्रकार आहे. मधला दांडा खाली वाकवलेला, साखळीवर झाकण, मागच्या चाकाला जाळी, पुढे टोपली. एकेकाळी लांब झगे घालणाऱ्या बायकांच्या सोयीसाठी झालेली ही रचना आहे आणि साडीलाही ती सोयीची आहे, यात वाद नाही. पण सोय कुठे संपते आणि साचा कुठे सुरू होतो ते नावांवरून कळतं. हीरो कंपनीच्या मुलींच्या सायकलचं नाव काय? 'मिस इंडिया'. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वाहनाला सौंदर्यस्पर्धेच्या किताबाचं नाव! मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला 'घाटाचा राजा' हा किताब महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. 'घाटाची राणी' तुमच्या कानावर कधी आली आहे का?

आता तामिळनाडूतलं पुदुकोट्टई आठवा. १९९१ साली तिथे साक्षरता मोहीम सुरू झाली, 'अरिवोली इयक्कम' या नावाने. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. मोहिमेतल्या कार्यकर्त्यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकवायला घेतली, कारण शिकवायला जाणाऱ्या बाईला गावोगाव पोचायचं तर वाहन हवं होतं. बायकांना सायकलसाठी कर्ज मिळावं म्हणून खटपट झाली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, अशा हजारो बायका सायकल शिकल्या. १९९२ च्या महिला दिनानंतर सुमारे दीड हजार बायका हँडलला झेंडे लावून पुदुकोट्टई शहरातून सायकलवर गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी या मोहिमेवर लिहिलं आहे. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लेडीज सायकली पुरेशा मिळेनात म्हणून बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि पुढे कित्येकींना त्याच बऱ्या वाटू लागल्या. का? तर मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं!

बघा, बाईला काय सोयीचं हे बाईनेच ठरवलं तर उत्तर किती वेगळं येतं. त्या साडीतच सायकल चालवत होत्या. पण साडी कशी दिसते याला गुण द्यायला कुणी बसलं नव्हतं. त्यांना सायकल हवी होती ती पाण्याची घागर आणायला, माल बाजारात न्यायला, मुलाला शाळेत सोडायला, बसची वाट न बघता घरी यायला. तीही फेरीच होती, झेंडे लावून मिरवत काढलेली. पण दुसऱ्या दिवशी सायकल बाईच्या दारात उभी होती.

बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने वाढलं आणि मुलगे-मुलींमधली दरी चाळीस टक्क्यांनी कमी झाली, असं त्यात दिसलं. मुलींच्या हाती वाहन आलं की हे घडतं. गुलाबी टी-शर्टच्या हिशोबात असा एक तरी आकडा दाखवता येईल का?

बाई लांब गेली तरी साचा पाठ सोडत नाही. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ च्या जूनमध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचं अंतर ५५ तास १३ मिनिटांत एकटीने पार केलं. हिमालयातल्या उंच खिंडी, विरळ हवा, झोप जवळजवळ नाही. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, आणि मथळ्यात काय? 'दोन मुलांची आई'. आई असण्यात काही कमीपणा नाही, अभिमानच आहे. पण खिंड चढणाऱ्या पुरुषाच्या बातमीत 'दोन मुलांचा बाप' हे शब्द तुम्ही वाचले आहेत का? पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, विसाव्या वर्षी, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. १५९ दिवस, सुमारे २९ हजार किलोमीटर. वाटेत स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटलं, तरी ती थांबली नाही. अशा बाया आपल्या राज्यात असताना 'महिलांना झेपेल असं' म्हणून पाच किलोमीटर कोण ठरवतं? ज्यांना पाच हवे त्यांना पाच द्या, नव्याने शिकणारीसाठी पाच पुष्कळ आहेत. पण ते 'नवशिक्यांसाठी' म्हणून द्या, 'महिलांसाठी' म्हणून नको. बाईपण ही काही कमी अंतराची सबब नाही.

आता आपल्याला ऐकवले जाणारे आक्षेप बघू.

पहिला, "तुम्हाला नटण्यामुरडण्याचं वावडं का?" मुळीच नाही. तुर्कस्तानात इझमीर शहरात २०१३ साली बायकांनी छान कपडे घालून सायकल फेरी काढली आणि ती पुढे अनेक देशांत पसरली. सायकलसाठी खेळाडूचा पोशाख लागत नाही, आमच्या रोजच्या, आवडीच्या कपड्यांत आम्ही रस्त्यावर येऊ, हे त्यांचं म्हणणं होतं. तिथे नटायचं त्यांनी ठरवलं, ते रस्त्यावरचा हक्क सांगायला. आपल्याकडे नटायचं संयोजक ठरवतात, आणि परीक्षक खुर्चीत बसून गुण देतात. फरक साडीत नाही, परीक्षकाच्या खुर्चीत आहे.

दुसरा आक्षेप, "निदान या निमित्ताने बायका बाहेर तरी पडतात." पडतात, आणि मोकळ्या रस्त्यावर त्यांना किती बरं वाटतं, हे मीही पाहिलं आहे. तो आनंद खोटा नाही. पण त्या दिवशी रस्ता बंद असतो, पुढे पोलिसांची गाडी असते, दोन्ही बाजूंना स्वयंसेवक असतात. नऊ मार्चला त्याच रस्त्यावर खड्डे असतात, दिवे बंद असतात, मागून मोटारसायकलवरून कुणीतरी ओढणी खेचतं. नऊ मार्चबद्दल एक शब्दही न बोलणारी फेरी बायकांना बाहेर काढत नाही, फिरवून आणते.

तिसरा आक्षेप सगळ्यात शहाणा समजला जातो, "काय करणार, बायकांच्या स्पर्धेला प्रायोजक मिळत नाहीत." याचं उत्तर फ्रान्समध्ये आहे. १९८४ साली महिलांची टूर द फ्रान्स भरली. अमेरिकेच्या मारियान मार्टिन जिंकल्या, त्यांना मिळाले सुमारे एक हजार डॉलर. त्याच वर्षीचा पुरुष विजेता लोराँ फिन्यों, त्याला एक लाखाहून अधिक. १९८९ नंतर ती स्पर्धा त्या रूपात बंदच पडली. बाई मात्र टूरमधून गेली नव्हती. ती व्यासपीठावर होती, जिंकलेल्या पुरुषाला फुलं आणि गालावर चुंबन द्यायला! दोन्ही बाजूंना एकेक तरुणी ही प्रथा टूरने सोडली ती २०२० साली. म्हणजे शोभेच्या बाईला प्रायोजक होते, सायकल चालवणाऱ्या बाईला नव्हते. मग २०१३ साली चार महिला खेळाडूंनी निवेदन काढलं, जवळपास लाखभर सह्या जमवल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या हाती पडली एका दिवसाची शर्यत. पूर्ण स्पर्धा परत आली २०२२ मध्ये, आठ टप्प्यांची. पुरुषांची एकवीस टप्प्यांची. विजेतीला ५० हजार युरो, विजेत्याला पाच लाख. अजून केवढी दरी आहे! पण जेवढी भरली ती प्रायोजकांच्या दयेने भरली नाही. बायकांनी मागितलं, भांडून मागितलं, म्हणून भरली.

'सुरक्षिततेसाठी पुरुष स्वयंसेवक' हेही त्या पत्रकात ठळक अक्षरांत होतं. सुरक्षितता हवीच. पण २०२२ च्या जूनमध्ये भारताच्या एका महिला सायकलपटूने स्लोव्हेनियातल्या शिबिरातून तक्रार केली ती थेट राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाची. तिला परत बोलावून घेतलं गेलं आणि प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. म्हणजे धोका फक्त रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून असतो असं नाही. म्हणून आम्ही विचारतो, तुमच्या क्लबमध्ये तक्रार ऐकणारी समिती आहे का? तिच्यात बायका किती? गुलाबी पत्रकात याला जागा नसते.

आम्ही संयोजकांना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला, सौजन्याने बोलले. आम्ही म्हणालो, बायका आणतो. वेशभूषेचं बक्षीस काढा. तीन अंतरं ठेवा. फेरीच्या आधी महिनाभर मैदानावर सायकल शिकवण्याचा वर्ग घ्या, संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर जमेल असा. शिकण्यासाठी दहा सायकली द्या, त्यात जेन्ट्सही चालतील. आणि शेवटी महापालिकेला द्यायच्या निवेदनावर आमच्याबरोबर सही करा : दिवे, खड्डे, सायकलसाठी रस्ता. ते हसून म्हणाले, "ताई, तुम्ही सगळ्याचं राजकारण करता. हा आनंदाचा दिवस आहे."

आठ मार्च हा कामकरी बायकांच्या लढ्यातून आलेला दिवस आहे. आनंद आम्हालाही हवा आहे. पण गोड हास्याला बक्षीस लावणं हेसुद्धा राजकारणच आहे, फक्त ते दुसऱ्या बाजूचं.

आम्ही बायका पाठवल्या नाहीत. त्याऐवजी ओळखीपाळखीतून चार जुन्या सायकली मिळवल्या आणि शाळेच्या मैदानावर आठवड्यातून दोनदा संध्याकाळी वर्ग सुरू केला. गुडघे फुटले, साखळ्या निसटल्या, दोघींच्या घरी कटकट झाली, एकीने येणं सोडलं. बैठकीत न बोललेली ती बाई मात्र शिकली. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाच्या मध्ये तिला अर्धा तास उरतो. त्या अर्ध्या तासात काय करता, असं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. बसते."

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या महिला दिनाला तुमच्या गावात असं पत्रक आलं तर फाडून टाकू नका. घेऊन बसा आणि गटात प्रश्न विचारा. अंतर कुणी ठरवलं? बक्षीस कशाचं? वेळ कुणाच्या सोयीची? सायकल कुणाची? आणि नऊ तारखेला काय? उत्तरं मिळाली तर जरूर जा, हव्या त्या रंगाच्या कपड्यांत जा. नाही मिळाली तर चार सायकली आणि एक मैदान पुरेसं आहे.