खोपोलीचा पिनकोड फुटत नाही

कर्जत, खालापूर, खोपोली. बोरघाटाखालची ही तीन गावं, आणि त्यांचे पिनकोडही ओळीने: 410201, 410202, 410203. शनिवार-रविवारी लोक इकडे धबधबे बघायला येतात, मी आकडे फोडत बसतो. ज्याची त्याची हौस :)

खालापूर सगळ्यात सोपं. सम संख्या, म्हणजे 2 ने भाग जाणार. अंकांची बेरीज 9, म्हणजे 9 नेही जाणार. पूर्ण फोड 2 × 3 × 3 × 13 × 1753. (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी 'हर्षद संख्या' असं गोड नाव दिलं. खालापूर हर्षद आहे.) कर्जतचे एकाआड एक अंक घ्या: 4+0+0 आणि 1+2+1. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे 11 ने भाग जाणार. उरले 37291, ते म्हणजे 89 × 419.

खोपोली मात्र हटून बसते. 2 ने नाही, 3 ने नाही, 5, 7, 11, 13... कशानेच नाही. मग कुठवर जायचं?

माझं म्हणणं असं, की मूळ संख्या ओळखण्यातलं खरं गणित या 'कुठवर' मध्येच आहे, आणि नेमकं तेच आपल्या मुलांच्या हाती लागत नाही. फ्रेशर्सच्या मुलाखतीत मी हमखास विचारतो, दिलेली संख्या मूळ आहे का हे तपासणारा प्रोग्राम लिही. बरेच जण वर्गमुळापर्यंतच लूप फिरवतात. छान. "पण तिथेच का थांबलास?" असं विचारलं की शांतता. मग हळूच, "सर, तसंच असतं ना."

कारण खरं तर दोन ओळींचं आहे. विभाजक नेहमी जोडीने येतात. 36 घ्या: 2 सोबत 18, 3 सोबत 12, 4 सोबत 9, आणि 6 सोबत पुन्हा 6. जोडीतले दोघेही 6 पेक्षा मोठे असले तर गुणाकार 36 च्या पुढे जाईल. म्हणून धाकटा जोडीदार वर्गमुळापर्यंत सापडला नाही, तर थोरलाही नाही. 410203 चं वर्गमूळ 640 आणि थोडं. तिथवरच्या मूळ संख्या 115. एकीनेही भाग जात नाही. संपलं, खोपोली मूळ संख्या! हे कारण ज्याला माहीत नाही तो एकतर चार लाख भागाकार करत बसेल, नाहीतर कुणीतरी सांगितलंय म्हणून 640 ला थांबेल.

यावर कुणी म्हणेल, आता कोड यंत्रच लिहून देतं, कारण कशाला हवं? चुका पकडायला हवं. लूप वर्गमुळाच्या एक पाऊल आधी थांबला तर 49 ही मूळ ठरते, कारण 7 तपासलाच जात नाही. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा लहान किंवा तितकंच' यातला फरक ज्याला '6 सोबत 6' ची जोडी आठवते त्यालाच दिसतो. बाकीचे प्रोग्राम चालला म्हणून खूश.

मोठ्या आकड्यांत तर वर्गमूळही पुरत नाही. 600 अंकी संख्येचं वर्गमूळच 300 अंकी! 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी विभाजक न शोधताच संख्या मूळ आहे की नाही हे आवाक्यातल्या वेळात, शंभर टक्के खात्रीने सांगणारी रीत दिली. प्रश्न मात्र आपलाच: सगळं न तपासता खात्री कशी करायची? विभाजक शोधणं अजूनही अवघडच आहे. आरएसए नावाचं इंटरनेटवरचं कुलूप त्याच अवघडपणावर टिकून आहे. त्यातली 250 अंकी संख्या फुटायला 2020 साल उजाडलं.

तेव्हा पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण मसावि-लसाविची पंचवीस गणितं घालण्याआधी मुलांना एकदा घरचा पिनकोड फोडायला द्या. उत्तर आलं की शाबासकी देण्याची घाई करू नका. आधी विचारा, "कुठे थांबलीस?" आणि मग, "का?"