जर्सीवरचं नाव

सायकलिंग संघाला तिकीटविक्रीचा आधार नसतो. टूर द फ्रान्सचे घाट रस्त्याकडेला उभं राहून फुकट पाहता येतात आणि प्रक्षेपणाचा पैसा मुख्यतः आयोजकांकडे जातो. त्यामुळे संघ जगतो तो प्रायोजकांवर. त्यांनी हात आखडता घेतला, की सरावापासून पगारापर्यंत सगळंच डळमळतं.

स्पेनच्या बास्क प्रांतातला संघ १९९४मध्ये चाहत्यांच्या वर्गणीच्या बळावर उभा राहिला. पुढे एउस्काल्तेल ही दूरसंचार कंपनी पाठीशी आली. भगव्या जर्सीतली मुलं प्रामुख्याने त्याच मातीत घडलेली. २००१च्या टूरमध्ये संघाच्या रोबेर्तो लाइसेकाने लुझ आर्दिदेनचा टप्पा जिंकला, तेव्हा पिरेनीजचा तो चढ बास्क चाहत्यांच्या भगव्या कपड्यांनी फुलून गेला होता.

२०१३च्या अखेरीस पैसा आटला आणि संघ बंद पडला.

याच संघात घडलेला मिकेल लांडा मोठ्या संघांत नावारूपाला आला आणि २०१७मध्ये या संघामागच्या मूळ फाउंडेशनच्या मदतीला धावून येत त्याचा अध्यक्ष झाला. २०२०मध्ये एउस्काल्तेलही प्रायोजक म्हणून परतली. पण दर वेळी असा लांडा कुठून मिळणार?

फुटबॉलमध्ये यासाठी नियमच आहे: करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या क्लबला विकला गेला, तर रकमेतला ५ टक्के वाटा त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांत घडवणाऱ्या क्लबांसाठी राखलेला असतो. सायकलिंगनेही असा नियम ठामपणे रुजवावा आणि आयोजकांनी प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा कनिष्ठ गटांच्या संघांना द्यावा. या मागणीमागे हा अंक पूर्ण ताकदीने उभा आहे.