प्रतिज्ञेत देव घालायचा का?

शेतकरी बंधूंनो, मी कृषी खात्याचा माणूस. माझ्याकडून तुम्ही बोंडअळी, मोसंबीचा बहार हेच ऐकायचं. पण घनसावंगी तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या व्हरांड्यात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेची बैठक घेतली, तिथं गोष्ट भलतीकडंच गेली. एक जाणते आजोबा म्हणाले, "पोरं रोज परिपाठाला प्रतिज्ञा म्हणतात, तिच्यात देवाचं नाव कसं नाही? आधी 'ईश्वरसाक्ष' घाला की, गुरुजी." बऱ्याच माना हलल्या. बौद्ध वस्तीतले दोघं मागं बसले होते, ते काही बोलले नाहीत. मीही गप्प बसलो. ते मनाला लागलं, म्हणून लिहितोय.

ही प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. ते विशाखापट्टणमला ट्रेझरीत अधिकारी होते, म्हणजे बिलं मंजूर करणारे साहेब! मूळचे नलगोंडा जिल्ह्याचे, आपल्यासारखेच निजामाच्या मुलखातले. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत सुरू झाली. तिच्यात पालक आहेत, गुरुजन आहेत, देशबांधव आहेत. देव नाही.

आजोबांचा प्रश्न नवा नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामतांनी घटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करा, अशी सूचना मांडली. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. विरोध करणारे सगळे नास्तिक होते असं समजू नका. ही श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल, असा त्यांचा मुद्दा होता.

आता सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी जरा ध्यान द्यावं. मंत्री आणि आमदाराला शपथेत दोन वाटा आहेत: 'ईश्वरसाक्ष' म्हणा, नाहीतर 'गांभीर्यपूर्वक' म्हणा. बारा वर्षांच्या आतल्या साक्षीदाराला खरं बोलायचं कळतं पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही, असं कोर्टाला वाटलं, तर १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे त्याला शपथच देत नाहीत. मोठ्या माणसाला मोकळीक, लेकराला सूट, आणि आपण दुसरीतल्या पोराला रांगेत उभं करून एकच वाट दाखवणार?

मी स्वतः माळकरी घरातला. राजूरच्या गणपतीला जातो. पण १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांसोबत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी धम्म घेतला, त्या घरातलं पोर 'ईश्वरसाक्ष' कसं म्हणणार? एकतर खोटं बोलेल, नाहीतर गप्प राहील, आणि मग सगळा वर्ग त्याच्याकडंच बघेल. नाशिक जिल्ह्यातल्या एका शिक्षकानं शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत, म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१३ साली न्यायालयानं सांगितलं, अशी सक्ती करता येत नाही. तो तर कमावता माणूस होता, कोर्टात जाऊ शकला. चौथीतली पोरगी कुठं जाणार?

देवाचं नाव घरी घ्या, हरिपाठाला घ्या, लेकरांना सप्त्याला न्या. कोण अडवतंय?

पुढच्या बैठकीत आजोबांना हे सगळं सांगणार आहे, मागच्या दोघांच्या देखत. हरभऱ्याचं ट्रायकोडर्माही राहिलंच आहे, तेवढं बियाणं घेऊन या.